घर सोडायचं नाही, मग राहायचं कसं? कोकणातल्या दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ वर्षांपूर्वी हापूसच्या कलमावरून पडलो. हातात झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी), पाय फांदीवर, फांदी ओली. मणका गेला आणि कमरेखालचं शरीर गेलं. पहिली दोन वर्षं माजघरातल्या पलंगावर छताची कौलं मोजण्यात गेली. नंतर माणसांत आलो. आता मालवण, कुडाळ, देवगडच्या बाजूला कोणाच्या घरी असा प्रसंग आला की मला बोलावतात: फॉर्म भरायला, घर बघायला, कधी नुसतंच बसायला. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच लिहून काढले.

‘स्वतंत्र राहणं’ म्हणजे एकट्याने राहणं का? आमच्या आईला तर उठून बसवावं लागतं.

नाही. मलाही रोज सकाळी दुसऱ्याचे हात लागतात. पण किती वाजता उठायचं, आधी चहा की आधी आंघोळ, आज जत्रेला जायचं की नाही, हे मी ठरवतो. मदत घेणं आणि परावलंबी असणं यांत फरक आहे. गावात मदतीला तोटा नाही. हाक मारली तर चार जण धावत येतात आणि उचलून गाडीत ठेवतात. मात्र कुठे ठेवायचं हेही तेच ठरवतात! लग्नाच्या मांडवात मला कायम पंख्याखाली, म्हाताऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवलेलं असायचं. पंगत कुठली, गप्पा कोणाशी, विचारतो कोण? उपकाराची मदत अशीच असते, तिला नको म्हणता येत नाही. वेळ आणि काम ठरवून घेतलेल्या मदतीला म्हणता येतं.

ही कल्पना माझी नाही. १९७२ साली अमेरिकेत बर्कली इथे अपंग लोकांनीच चालवलेलं पहिलं ‘स्वतंत्र जीवन केंद्र’ निघालं. त्यातले एड रॉबर्ट्स पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळे होते, श्वासालाही यंत्र लागायचं. अशा माणसाने ‘मी स्वतंत्र आहे’ म्हणावं, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

याला कायद्याचा आधार आहे का, की नुसत्या भाषणातल्या गोष्टी?

आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ५ घरात मोठ्याने वाचून दाखवा. समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती कोणालाही करता येत नाही, आणि घरपोच तसंच वस्तीतल्या आधारसेवा मिळाल्या पाहिजेत, त्यांत वैयक्तिक मदतनीसही आला, असं ते सांगतं. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातलं कलम १९ हेच म्हणतं. कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मानतो. त्यांत पार्किन्सन आहे, थॅलेसेमिया आहे, ॲसिड हल्ल्यातल्या पीडित व्यक्ती आहेत. ‘आमचं त्यात बसत नाही’ म्हणून परत गेलेल्यांनी यादी पुन्हा बघावी.

सुरुवात कुठून करायची?

वैश्विक ओळखपत्रापासून, म्हणजे यूडीआयडी किंवा स्वावलंबन कार्ड. अर्ज ऑनलाइन होतो, गावच्या सेतू केंद्रातही भरून देतात. मग तपासणी. आमच्याकडे त्यासाठी बहुतेकांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची फेरी चुकत नाही. ४० टक्क्यांखाली पांढरं कार्ड, ४० ते ८० पर्यंत पिवळं, ८० आणि वर निळं. योजनांचा बराचसा दरवाजा ४० टक्क्यांनंतर उघडतो.

दोन गोष्टी पदरच्या अनुभवाच्या. तपासणीला जाताना जुने सगळे कागद न्या, अगदी पहिल्या दिवसाचा एक्स-रेसुद्धा. आणि आधार कार्डावरचं नाव, रेशन कार्डावरचं नाव, बँकेतलं नाव एकसारखं आहे का ते घरीच तपासा. आमच्याकडे एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी असतं: एकात बापाचं नाव, एकात आजोबांचं, तिसऱ्यात ‘भाऊ’ लावलेलं. माझ्या एका मित्राचं अनुदान निव्वळ त्या ‘भाऊ’पायी आठ महिने अडकलं. टक्केवारी कमी लागली असं वाटलं तर अपिलाची सोय कायद्यातच आहे.

दरमहा पैसे किती मिळतात?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये आहेत, त्याआधी १,५०० होते. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत करायचा. अपंगत्व किमान ४० टक्के लागतं आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे. हयातीचा दाखला वेळच्या वेळी द्या, तो राहिला की पैसे थांबतात. २,५०० रुपयांत संसार होत नाही, पण मदतनिसाच्या पगारातला एक तुकडा निघतो. मी तो तसाच वापरतो. २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ताही लिहिलेला आहे. माझ्या हातात तो अजून पडलेला नाही. मागत राहतो.

ग्रामपंचायतीकडे आमच्यासाठी पैसे असतात म्हणे. खरं का?

खरं. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. पूर्वी ३ टक्के होता. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, सगळ्यांना हे लागू आहे.

आता हिशोब करू. कोकणातल्या लहान ग्रामपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी धरून वर्षाची स्वतःची कमाई समजा ४ लाख. त्याचे ५ टक्के म्हणजे २०,०००. गावात नोंदलेले दिव्यांग २०. मग काय होतं? प्रत्येकी १,००० रुपये वाटून टाकतात, फोटो निघतो, विषय मिटतो. हजार रुपये दोन आठवड्यांत कुठे गेले ते कळतही नाही. त्याच २०,००० मध्ये दवाखान्याच्या तीन पायऱ्यांवर उतार होतो, शाळेच्या मतदान खोलीला दांडा लागतो, किंवा वाडीतल्या चौघांसाठी मिळून एक कमोड खुर्ची, एक हवेची गादी आणि एक जादा व्हीलचेअर येते. ज्याला लागेल त्याने न्यायची, नंतर आणून द्यायची. भजनीमंडळाची पेटी-मृदंग कसे सामाईक असतात, तसं.

वाटायचे की वस्तू घ्यायची, हा निर्णय ग्रामसभेत होऊ शकतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा धरून ठेवा. एकटे जाऊ नका, तिघे-चौघे जा. सभा वरच्या मजल्यावर असेल तर ‘खाली घ्या’ हा पहिला ठराव मांडा. आमच्याकडे तो मंजूर झाला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद गुडघेदुखीवाल्या आज्यांना झाला.

मदतनीस कुठून आणायची? एवढं माणूसबळ कोकणात राहिलंय कुठे?

तरुण मुंबईला गेलेत, हे खरं. पण सकाळचे दोन तास मोकळे असलेली बाई प्रत्येक वाडीत सापडते. आपण पूर्ण दिवसाचं माणूस शोधतो, तिथेच चुकतं. पूर्ण दिवस लागतो कोणाला? मला सकाळी ७ ते ८:३० आणि रात्री अर्धा तास लागतो. मधला दिवस माझा मी काढतो.

माझ्याकडे एक काकू येतात आणि त्यांचा मुलगा येतो. आंघोळ नि कपडे मुलगा बघतो, बाकीचं काकू. सुरुवातीला पैशाचं बोलायला दोघांनाही जड गेलं. ‘शेजारधर्म आहे, पैसे कसले घ्यायचे’ असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग मी तुम्हाला उशीर झाला म्हणून रागावणार कसा? त्या हसल्या आणि घेतले. बागेतल्या रोजंदारीचा दर धरून तासाचा भाव काढला.

त्यानंतर एक २०० पानी वही केली. आडव्या रेघांत रोजची कामं: रात्रीची लघवीची पिशवी रिकामी करणे, पाठ आणि बैठक आरशात बघणे, लाल डाग आहे का (हो/नाही), आंघोळ, खुर्चीत बसवणे, उशीत हवा बघणे. शेवटच्या रकान्यात सही. आठवड्याला एक सुट्टी. गणपतीचे पाच दिवस त्यांच्या घरी पाहुणे, म्हणून त्या दिवसांसाठी दुसरं माणूस आधीच ठरवून ठेवायचं. वहीच्या मागच्या पानावर एक यादी माझ्या हातची आहे: ‘हे करायचं नाही’. मला न विचारता फोन उचलायचा नाही. पाहुण्यांसमोर माझ्या पोटाच्या तक्रारी सांगायच्या नाहीत. मला उचलण्याआधी ‘उचलू?’ विचारायचं. या यादीवर घरच्यांनी आधी तोंडं वाकडी केली. आता माझी बहीणही ‘उचलू?’ विचारते.

बाई असलेल्या रुग्णाला बाईच मदतनीस हवी, हे वेगळं सांगायला नको. तरीही सांगतो, कारण ‘घरातलाच आहे’ म्हणून दीर-भाच्यांच्या हाती हे काम सोडलेलं मी पाहिलंय. कायद्यातही सेवा देताना वय आणि लिंग पाहावं असं लिहिलंय.

माणूस शिकवावं लागतं. पाठीच्या दुखापतीत बसल्या जागी दर १५ ते ३० मिनिटांनी अंगाचा भार हलवायचा, झोपल्यावर दर दोन तासांनी कूस बदलायची. नाहीतर बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) होतो आणि तो जीवावर बेततो. पायांना जाणीव नसते, म्हणून आंघोळीचं पाणी आपल्या कोपराने तपासल्याशिवाय पायांवर घ्यायचं नाही. हे सारं उपकेंद्रातल्या नर्सबाई किंवा आरोग्यवर्धिनीतले समुदाय आरोग्य अधिकारी घरी येऊन दाखवू शकतात. आशाताईंना सांगा, त्या गाठ घालून देतात.

घर जुनं आहे, जोतं उंच, पायऱ्या चिऱ्याच्या. रॅम्प करायचा तर कसा?

या प्रश्नावर मी तास तास बोलतो, बायको उठून जाते.

रॅम्पचं माप १ ला १२. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. माझं जोतं अडीच फूट, तेव्हा लांबी ३० फूट! समोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तुळशीवृंदावन, पुढे गडगा (दगडी कुंपण), एवढी जागा आणायची कुठून? गवंड्याने दहा फुटांत उतरवून दिला. पहिल्याच दिवशी खुर्ची सुटली आणि मी तुळशीपाशी. देवाला नमस्कार आयताच झाला.

मग एक दिवस परसात बसलेलो असताना उजेड पडला. आपली घरं उतारावर असतात. पुढून जोतं अडीच फूट, पण मागे डोंगराची बाजू असते, तिथे माझी परसदाराची पायरी जेमतेम पाच इंचांची निघाली. पाच इंचाला पाच फूट रॅम्प पुरला. न्हाणीच्या बाजूने चार फुटांची वाट काढली आणि मागचं दार हेच माझं पुढचं दार झालं. रॅम्पचं सिमेंट ओतायच्या आधी घराला एक फेरी मारा.

बाकीचं थोडक्यात. रॅम्पला जांभ्याचा चिरा वापरू नका. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि ते साबणासारखं निसरडं होतं. सिमेंट करा, ओलं असताना वरून खराट्याने आडव्या रेघा ओढा. वर पत्रा नाहीतर कौलं हवीतच, पागोळ्या थेट रॅम्पवर पडता कामा नयेत. पावसाळ्यात दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या. दोन्ही बाजूंना तीन-चार इंचांची कड ठेवा, चाक घसरून खाली जात नाही. लांब रॅम्प असेल तर दर ९ मीटरवर सपाट थांबा.

उंबरठा. तो काढायचा म्हटलं की घरात वादळ. काढू नका. दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर बसवा, उंबरठा तसाच राहतो, हळदीकुंकूही होतं. न्हाणीचं दार दोन फुटी असेल तर दारच काढून जाड पडदा लावा, दीड-दोन इंच मिळतात, आणि तेवढ्यावर आत जाणं-न जाणं ठरतं. कमोडची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी, सुमारे १८ ते १९ इंच. हाताला धरायचा दांडा विटांच्या भिंतीत पक्का बसतो. जुन्या मातीच्या भिंतीत बसत नाही, तिथे जमिनीतून पाईप उभा करा.

शिबिरात तीनचाकी सायकल मिळतेय. घ्यावी का?

आधी विचारा, चालवणार कुठे? आमच्या ओळखीच्या एकाला शिबिरात झकास तीनचाकी मिळाली, हार घालून. त्याचं घर घाटीच्या चाळीस पायऱ्या खाली, व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे, मध्ये साकव. ती सायकल अजून मांगरात (बागेतल्या खोपटात) टांगलेली आहे, कोंबड्या तिच्यावर बसतात. त्याला हवी होती घरात फिरायला अरुंद खुर्ची आणि वर रस्त्यालगत सायकल ठेवायला कोणाची तरी पडवी.

केंद्राच्या एडिप योजनेतून साधनं मिळतात, बरीचशी कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची असतात. मोजमाप शिबिरात स्वतः जा. ‘नग’ म्हणून खुर्ची घेऊ नका, बैठकीची रुंदी मोजून घ्या. सैल खुर्चीत कणा वाकडा होतो, घट्ट खुर्चीत कातडी सोलते. चार बोटांची उशी सोबत मागा.

आणि खारा वारा! समुद्राकाठी लोखंडी खुर्ची दोन पावसांत गंजते. शक्यतो ॲल्युमिनियमची बघा. दर पंधरा दिवसांनी चाकांच्या आसांत ग्रीस भरा. शिलाई मशीनचं तेल पुरत नाही, करून पाहिलंय. पंक्चर सायकलवाला काढतो.

एसटी आणि रेल्वेने जाता येतं का?

एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, आणि ६५ टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर साथीदाराला ५० टक्के. साथीदार बाई असेल तर २०२३ पासून तिला तसंही अर्धंच तिकीट. सवलत उत्तम, पण गाडीची पहिली पायरी माझ्या छातीला लागते. तिकीट पाव, चढणं पूर्ण! दोन दणकट माणसं सोबत असतील तरच मी एसटीच्या भानगडीत पडतो.

कोकण रेल्वे बरी, मात्र डोकं लावावं लागतं. अस्थिव्यंग, अंध आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना ठरलेल्या नमुन्यातल्या दाखल्यावर शयनयान आणि थ्री एसीत ७५ टक्के सवलत मिळते, साथीदारालाही तेवढीच. लहान स्थानकांवर गाडी दोन मिनिटं थांबते. दिव्यांगांचा डबा बहुधा टोकाला असतो, तिथे कधी फलाटावरचं छप्परही संपलेलं असतं. अर्धा तास आधी जाऊन स्टेशन मास्तरांना भेटा, डबा कुठे लागेल ते नक्की करा आणि हमालाला तिथेच उभा करा. गाडी उशिरा असेल हे गृहीत धरून पाणी कमी प्या, असं मी पूर्वी सांगायचो. आता सांगत नाही. पाणी कमी पिऊन मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतला होता. पिशवी सोबत ठेवा आणि पाणी प्या.

दृष्टी किंवा श्रवण नसलेल्यांसाठी काय?

माझा अनुभव चाकांचा, इथे मित्रांचं सांगतो. पांढरी काठी शिकून घ्यावी लागते, नुसती हातात देऊन भागत नाही. आमचा अंध मित्र म्हणतो की पावसाळ्यात कौलांवरच्या आवाजात त्याला रस्त्यावरची गाडी ऐकू येत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर तो शेजारच्या मुलाबरोबर जातो, बाकी आठ महिने एकटा. मोबाईलमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, मराठी वाचतो. कर्णबधिरांच्या तपासणीला आणि प्रशिक्षणाला मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खाणाखुणांची भाषा मुलासोबत आईबापांनीही शिकावी. घरात कोणी बोलायलाच नसेल तर घर काय कामाचं?

मानसिक आजार असलेल्या भावाला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून घरी आणावं का? लोक काय म्हणतील?

डॉक्टर सोडायला तयार असतील तर आणा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १९ स्पष्ट म्हणतं की घरचे घेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्या कारणावरून कोणालाही रुग्णालयात ठेवून देता येत नाही. घरी आणण्याआधी पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या कुठून येणार, सुई असेल तर कोण देणार, हे लिहून घ्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, फुकट आहे.

देवाला गाऱ्हाणं घाला, कौल लावा, मी अडवणारा कोण? पण गोळ्या बंद करायचा कौल कोणी दिला तर ऐकू नका. आणि भावाला काम द्या. पाटाचं पाणी सोडणं, गुरं बांधणं, दुकानातून आणणं. दिवसाला आकार आला की अर्धं दुखणं हलकं होतं, असं मी तीन घरांत पाहिलंय.

मुलाला बौद्धिक अपंगत्व आहे, आता १८ पूर्ण होतील. आमच्यानंतर त्याचं कोण?

हा प्रश्न विचारताना आवाज खाली येतो. कागदाचं आधी सांगतो. मूल १८ चं झालं की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. न्यासाच्या निरामय विम्यात वर्षाला १ लाखापर्यंतचा उपचारखर्च येतो, त्यात थेरपीही असते.

आता कागदापलीकडचं. सगळं हक्काने दुसऱ्याच्या हाती देऊन टाकू नका. २०१६ चा कायदा शक्यतो मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडतो, म्हणजे त्या माणसाशी सल्लामसलत करून, ठराविक निर्णयापुरतं. जमीन विकायची तर पालक हवा असेल, पण शर्ट निळा की लाल हे त्यालाच ठरवू द्या.

आणि ‘आमच्यानंतर’ची तालीम आत्ताच सुरू करा. महिन्यातली एक रात्र तो मावशीकडे झोपू दे. दुकानात एकटा जाऊन मीठ आणू दे, चुकीचं आणलं तर चुकीचं. ओळखीच्या एका घरात मुलगा ३१ वर्षांचा होईपर्यंत आईशिवाय एक रात्र झोपला नव्हता. आई गेली, त्या रात्री त्याला दोन दुःखं एकदम झाली.

वादळ आलं, वीज गेली तर?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड, दापोली, मंडणगडच्या काही गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मे २०२१ मध्ये तौक्ते, त्याच जुलैत चिपळूणचा पूर. तेव्हा मे संपायच्या आत तयारी. २०१६ च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची असते, तुमचं नाव आहे का ते तहसीलमध्ये विचारा. हवेच्या गादीचा पंप विजेवर चालत असेल तर साधी फोमची गादी हाताशी ठेवा. पंधरा दिवसांची औषधं, नळ्या, पिशव्या प्लास्टिकच्या डब्यात. मला कोण उचलणार ती दोन नावं ठरलेली आहेत आणि त्यांना माहीत आहेत. दारातल्या माडाकडे बघून खाट भिंतीच्या कुठल्या बाजूला सरकवायची तेही ठरलंय.

कामधंदा?

सरकारी नोकरीत ४ टक्के, उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण आहे. पण आमच्यातले बहुतेक घरून काहीतरी करतात: कोकम सरबत, काजूची सोलणी, मोबाईल दुरुस्ती, शिलाई. मी आंब्याच्या पेट्यांचा हिशोब आणि ऑर्डरी बघतो. झाडावर चढायचं राहिलं, पण फळ कोणतं कधी उतरवायचं ते अजून मलाच विचारतात.

मतदान घरून करता येतं म्हणे?

२०२४ च्या लोकसभेला आणि विधानसभेला ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना तशी सोय होती. अधिसूचनेनंतर पाच दिवसांत १२-ड नमुना भरायचा. मी भरला नाही. मला केंद्रावर जायचं असतं, तिथे सगळे भेटतात.

काम अडलं तर दाद कोणाकडे?

आधी लेखी अर्ज आणि पोच. तोंडी बोलण्याला कचेरीत किंमत नाही. मग गटविकास अधिकारी, जिल्हा परिषदेचं समाजकल्याण, आणि शेवटी पुण्यातलं दिव्यांग आयुक्तालय. राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग डिसेंबर २०२२ पासून आहे. १० रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की ५ टक्के निधी कुठे गेला ते आकड्यांत कळतं. एका कचेरीत मला ‘व्हीलचेअर बाहेर ठेवून आत या’ असं सांगितलं होतं. मी म्हटलं, येतो, तुम्ही घेऊन चला. मग साहेबच बाहेर आले.

मुंबईकर मुलं म्हणतात, बाबांना चांगल्या संस्थेत ठेवू. खर्चही करायला तयार आहेत. काय करावं?

मुलांचा जीव तुटतो म्हणूनच ती म्हणतात, त्यांना दोष देत नाही. काही संस्था चांगल्या असतात, काहींना त्याच बऱ्या पडतात. प्रश्न एवढाच की बाबांना विचारलंत का? एका घरी सगळी बैठक झाली, खर्चाची वाटणी झाली, तारीख ठरली. पक्षाघात झालेले आजोबा पडवीत ऐकत होते. मी जाऊन विचारलं तर म्हणाले, “माका खंय धाडू नकात. माका घराकच ऱ्हवाचां आसा.” तीन मुलांनी संस्थेला द्यायचे ठरवलेले पैसे दोन माणसांच्या पगारात, न्हाणीच्या दुरुस्तीत आणि फिजिओथेरपिस्टच्या आठवड्याच्या फेरीत घातले, वर थोडे उरलेसुद्धा. आजोबा रोज संध्याकाळी खळ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवतात. तब्येत छान आहे.

तुमचं घर बघायला आलो तर चालेल?

या. फक्त सकाळी ७ ते ८:३० येऊ नका, ती काकूंची वेळ. समोर तुळशीकडून हाक मारत बसू नका, ऐकू येत नाही. घराला वळसा घाला, न्हाणीशेजारून वर या, मागचं दार उघडंच असतं.